हवाईयन गिटार आणि गीताचा अर्थ

हवाईयन गिटार हे वाद्य महाराष्ट्र-गोमंतकातील रसिकांस अपरिचित नाही. व्हॅन शिपले यांच्या आणि पुढे कलकत्त्याच्या सुनील गांगुली यांच्या ध्वनिमुद्रिकांनी चित्रपटगीतांच्या चाली या वाद्यावरून घरोघर पोहोचविल्या. ब्रिजभूषण काबरा यांनी ते रागसंगीताच्या बैठकीत मानाने आणून बसविले. एवढा परिचय असूनही ज्या संगीताने या वाद्यास त्याचे नाव दिले, ते हवाई बेटांचे संगीत आपण फारसे ऐकलेले नाही. आणि जे ऐकले तेही नीट ऐकलेले नाही, असे आमचे मत झाले आहे.

हे मत बनण्यास एक लहानसे निमित्त घडले. पेडण्यातील आमच्या एका शिक्षक स्नेह्यांनी मांडीवर आडवे ठेवून वाजवावयाचे एक जुने विजेचे गिटार मोठ्या सायासाने मिळविले आहे. एका संध्याकाळी त्यांच्या पडवीत आम्ही सात-आठ जण जमलो होतो. त्यांत भजनी मंडळातील दोघे होते, दशावताराला पेटीची साथ करणारे एक वयस्क गृहस्थ होते आणि डिचोलीहून आलेले दोन-तीन शिक्षक होते. स्नेह्यांनी हवाईची दोन जुनी गीते वाजविली. त्यांतले एक राणी लिलिउओकलानी हिने 1878 च्या सुमारास रचलेले 'अलोहा ओए' हे होते. वादन सफाईचे होते. ते संपल्यावर क्षणभर कोणी बोलले नाही, मग एकाने म्हटले, "गोड आहे हो. आता एखादे नाट्यगीत होऊ दे." नाट्यगीत झाले, आणि पहिल्या ओळीबरोबरच माना डोलू लागल्या. आमचे स्नेही त्या रात्री काहीसे खट्टू झाले. प्रथम आम्हांसही वाटले की दोष श्रोत्यांच्या कानांचा आहे. पुढे विचार करता तो अन्यत्र आहे असे दिसून आले.

कानांस हे वाद्य परके वाटावे असे त्यात काही नाही. ओआहू बेटावरील लाइए या गावचा जोसेफ केकुकू या मुलाने 1889 च्या सुमारास गिटारच्या तारांवर बोटांऐवजी लोखंडाचा तुकडा फिरवून पाहिला. शाळेच्या कारखान्यात पुढे त्याने त्यासाठी पोलादी कांडी करून घेतली, आणि एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर न तुटता जाणारा तो नाद त्यातून सिद्ध झाला. आपल्याकडे विचित्रवीणा आणि दक्षिणेतील गोटुवाद्यम् यांची रीत हीच आहे. ज्यास आपण मींड म्हणतो ती या वाद्याचा प्राणच आहे. पेटीवाले गृहस्थ तर त्या रात्री कांडीकडे एकटक पाहत होते. जन्मभर ज्या वाद्याची साथ केली त्याला जे साधत नाही, ते येथे आपोआप होत होते! त्यांनी मोकळ्या तारा एकेक छेडून पाहिल्या आणि म्हणाले, "सा ग प ध सा ग. हा तर रिषभावाचून भूप!"

हा अभिप्राय मार्मिक आहे, पण दिशाभूल करणाराही आहे. 1930 नंतरच्या काळात रूढ झालेली ही जुळणी खरोखरच तशी आहे. मात्र आपल्या कानांस सा ग प ध ही एका रागाची सुरुवात वाटते. हवाईच्या वादकास ते चार स्वर एकदम वाजणारा एक सुरेल मेळ वाटतो. आपण रागाच्या विस्ताराची वाट पाहत बसतो, आणि तिकडे दोन ओळींचे कडवे होऊन गीत पुढे गेलेलेही असते. दोन कडव्यांच्या मध्ये एक ठरीव छोटा स्वरसमूह येतो. तो हुला नर्तकांस पुढच्या कडव्याची तयारी करण्यास अवसर देतो. आमच्यापैकी एकास तो निरर्थक पुनरुक्ती वाटला. नर्तक समोर नसेल तर तसे वाटणारच.

परंतु मुख्य अडचण स्वरांची नाही, शब्दांची आहे. नाट्यगीत सुरू होताच माना का डोलल्या? वादक एकही शब्द उच्चारीत नव्हता. पण श्रोता मनातल्या मनात सर्व पदे म्हणत होता. गांगुलींच्या मुद्रिकांचे यशही, आमच्या मते, निम्मे श्रोत्यांच्या स्मरणाचे आहे. ज्या चित्रपटगीताचे बोल ठाऊक नाहीत त्याची नुसती चाल वाद्यावर ऐकून पाहावी म्हणजे आमच्या म्हणण्याची प्रचीती येईल. वाद्यावर वाजविलेले गीत हे त्या काव्याचे एक प्रकारचे वाचन असते. मूळ काव्य अपरिचित असेल तर उरतो तो केवळ गोडवा, आणि त्या गोडव्यात आपण समुद्र, माड व चांदणे ही जाहिरातीतील चित्रे भरतो.

हवाईच्या गीतांचे काव्य तर विशेष लक्ष देण्याजोगे आहे. त्या भाषेत प्रत्येक अक्षर स्वरान्त असते. शब्दाच्या शेवटी व्यंजनाचा आघात नसल्याने गाणे तारेवरून घसरणाऱ्या कांडीसारखे वाहते, आणि वाद्य त्या उच्चाराचेच अनुकरण करते असे वाटल्यावाचून राहत नाही. अर्थाच्या बाजूने तेथील कवींनी 'काओना' नावाची एक शक्ती जोपासली आहे. वरवर फूल, पाऊस, वारा यांचे वर्णन चालते आणि आत प्रेम, स्थळ किंवा राजकारण बोलत असते. आनंदवर्धनाचा ध्वनिविचार शिकविणाऱ्या अध्यापकांस हे निराळे समजावून सांगावयास नको. फरक इतकाच की आपल्याकडे व्यंग्यार्थ सहृदयासाठी असतो. तेथे तो पुष्कळदा परक्यांपासून लपविण्यासाठीही असतो.

त्या बैठकीतील दुसरे गीत याचेच उदाहरण होते. 1893 साली अमेरिकन हितसंबंधीयांनी राणी लिलिउओकलानीस पदच्युत केले. नव्या सरकारशी निष्ठेची शपथ घेऊन कागदावर सही करा, असा हुकूम राजदरबारच्या बँडमधील वादकांस झाला. सही न कराल तर नोकरी जाईल आणि दगड खावे लागतील, असेही त्यांस बजावण्यात आले. त्यांनी सही केली नाही. राणीची स्नेही एलन प्रेंडरगास्ट हिने त्यांच्यासाठी गीत रचले, 'काउलाना ना पुआ'. नावाचा अर्थ 'कीर्तिमंत आहेत फुले' असा होतो. फुले म्हणजे त्या भूमीची लेकरे. शत्रूच्या कागदावर सही नाही, त्याचा पैसा नको, या भूमीचे दगडच आम्हांस पुरे, असा गीताचा आशय आहे. म्हणूनच लोक त्यास दगड खाण्याचे गीत असेही म्हणतात. आणि चाल? चाल उल्हसित आहे. अर्थ न जाणणारा पाहुणा तिच्यावर ठेका धरील. आम्हीही पेडण्यात तेच केले.

1896 साली तेथील शाळांतून इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम करण्यात आले. 1898 मध्ये बेटे अमेरिकेत सामील झाली. हवाईयन भाषेस राज्यभाषेचे स्थान मिळण्यास 1978 साल उजाडावे लागले. मधल्या काळात ती भाषा ज्या थोड्या ठिकाणी तग धरून राहिली त्यांत गीत हे एक होते. भाषेचा प्रश्न शाळेच्या दारातून कसा आत येतो हे गोमंतकातील शिक्षकांस आम्ही काय सांगावे?

गोमंतकाचा आणि हवाईचा संबंध आणखीही एका बाजूने जुळतो. 1879 मध्ये मादेइरा बेटावरील पोर्तुगीज मजूर 'रेव्हन्सक्रॅग' जहाजाने होनोलुलूस पोहोचले. त्यांच्या लहानशा तंतुवाद्यापासून तेथे उकुलेले तयार झाले. त्याच पोर्तुगिजांच्या राज्यात गोव्याच्या जुन्या काबिजादींत चर्चच्या शाळांमधून व्हायोलिन व स्वरलेखन रुजले. पेडणे आणि डिचोली हे महाल त्यांच्या ताब्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस आले. त्यामुळे येथे ती शिकवण फारशी पोहोचली नाही, आणि युरोपातून आलेली पेटी मात्र भजनात, दशावतारात व संगीत नाटकांत घरची झाली. जिला मींड येत नाही ती पेटी आपलीशी झाली आणि मींडेवाचून ज्याचे चालत नाही ते गिटार उत्सवमंडपाबाहेर राहिले, हा विरोध प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो. पण पेटीने आपले शब्द उचलून धरले, हे ध्यानी घेता तो उरत नाही.

काबरा यांच्याविषयी आमच्या मनात आदर आहे. अली अकबर खाँ यांच्या या शिष्याने शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह 1967 साली केलेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही मुद्रिका आजही ऐकवते. त्यांनी वाद्य घेतले व त्यास रागाची भाषा शिकविली; हवाईचे संगीत वाजवितो असा दावा केला नाही. आमची तक्रार त्या वादकांविषयी आहे जे हवाईची चाल घेऊन तीत मुरक्या व हरकती घालतात आणि तिला 'भारतीय स्पर्श' दिल्याचे समाधान मानतात. दगड खाण्याच्या गीतावर मुरकी कशासाठी? शिकावयाचे नव्हते असे म्हणावे, तर शिकविणारा दाराशी आला होता. केकुकूच्याच लाइए गावी वाढलेले ताऊ मोए दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सहकुटुंब कलकत्त्यास राहिले आणि तेथील वादकांस त्यांचा सहवास लाभला. त्यांच्याकडून आपण कांडी धरण्याची रीत घेतली. गीतांचे अर्थ विचारल्याचे वादनातून तरी जाणवत नाही.

पुढल्या महिन्यात त्याच पडवीत पुन्हा बैठक झाली. या वेळी स्नेह्यांनी वादनापूर्वी बँडवाल्यांची हकीगत सांगितली, गीताचा आशय कडव्यागणिक मराठीत सांगितला, आणि मग एकही अलंकार न चढविता, मधला तो छोटा स्वरसमूह जागच्या जागी ठेवून गीत वाजविले. ठेका कोणी धरला नाही. पेटीवाले गृहस्थ थोड्या वेळाने म्हणाले, "इतकी हसरी चाल का घेतली असेल त्यांनी?" त्यावर डिचोलीच्या एका शिक्षकांचे म्हणणे पडले की रडकी चाल पहारेकऱ्याला लगेच कळली असती, दुसऱ्यांस ते पटेना, नोकरी सोडून आलेली माणसे खुशीत होती म्हणून चाल तशी आहे, असे त्यांचे मत. वाद बराच रंगला आणि निकाल लावण्यासाठी गीत आणखी दोनदा वाजवावे लागले. नाट्यगीत त्या दिवशीही झाले. पण ते रात्री दहानंतर.