सिंहगड : गॅझेटिअरचा आणि घेऱ्याचा

धायरीच्या शिवारातून नैर्ऋत्येकडे पाहिले असता डोंगराच्या धारेवर सिंहगडाचा माथा दिसतो. गावच्या धारेश्वराला जाणाऱ्या भाविकाला हा गड नित्याचाच आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तो बहुधा पुस्तकांतूनच भेटतो. त्या पुस्तकांत अग्रस्थान आहे ते जेम्स कॅम्बेल यांनी संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे. त्याच्या अठराव्या खंडाचे, म्हणजे पुणे जिल्ह्याचे, तीन भाग १८८५ साली प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून सिंहगडावर लिहू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने त्यातील वर्णनाचा आधार घेतला आहे. हा आधार कोठे घ्यावा आणि कोठे घेऊ नये याचा विचार मात्र क्वचितच झाला.

प्रथम गॅझेटिअरच्या पदरी जे श्रेय पडते ते द्यावयास हवे. कोंढाण्याचे नाव केव्हा बदलले या प्रश्नावर त्याने ग्रँट डफचा मार्ग अनुसरला आहे : १६४७ साली शिवाजी महाराजांनी किल्लेदारास वश करून गड मिळविला आणि तेव्हाच त्याला सिंहगड हे नाव दिले, असे त्यात सांगितले आहे. १६४७ या सालाविषयी वाद करता येईल. परंतु नामांतर तानाजी मालुसरे यांच्या मृत्यूपूर्वीचे आहे, हा त्यातील गाभा कागदपत्रांच्या कसोटीस उतरतो. ३ एप्रिल १६६३ रोजी महाराजांनी मोरो त्रिमल आणि निळो सोनदेव यांना धाडलेल्या पत्रात गडावरील फितव्याची वार्ता आहे, आणि तेथे गडाचे नाव सिंहगड असेच आले आहे. तानाजीचा पराक्रम ४ फेब्रुवारी १६७० चा. म्हणजे हे पत्र त्याच्या जवळजवळ सात वर्षे आधीचे.

असे असता नामांतराची जी कथा महाराष्ट्रात घरोघर पोहोचली ती याहून निराळी आहे. हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीच्या शीर्षकाने सिंहाची उपमा आणि गडाचे नाव यांची जी गाठ मारली ती आजतागायत सुटलेली नाही. सभासदाच्या बखरीत राजांच्या शोकोद्गारात सिंह नाहीच; मिळाला तो गड आणि गमावला तोही गडच, असे तेथे म्हटले आहे. हा उद्गार खरे तर अधिक मार्मिक आहे, कारण त्यात माणसाची किंमत किल्ल्याच्या मापाने मोजलेली आहे. पण कादंबरीकाराच्या हाती तो आला तेव्हा त्याला अलंकार चढला. आपट्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी कादंबरी लिहिली, बखर नव्हे. दोष आहे तो पुढील लेखकांचा. त्यांनी कादंबरीचे शीर्षक पुरावा म्हणून वापरले आणि परक्या राज्यकर्त्याच्या ग्रंथातील बरोबर विधान बाजूस सारले.

उलट, जेथे त्या ग्रंथाविषयी सावध राहावयास हवे होते तेथे आपले लेखक निःशंक राहिले. गॅझेटिअरचा सिंहगड म्हणजे वेढ्यांची मालिका होय. आरंभी महंमद तुघलक आणि त्याला आठ महिने झुंजविणारा कोळी नाईक नागनाक. मग शिवकाल, मोगल. आणि शेवटी १८१८. त्या वर्षी जनरल प्रिट्झलर याच्या तोफांनी फेब्रुवारीच्या उत्तरार्धात गडावर मारा केला आणि २ मार्च रोजी गड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. यानंतर ग्रंथाचा सूर एकदम पालटतो. ज्या माथ्यावर तोफगोळे पडले तो माथा आता एप्रिल-मे महिन्यांत पुण्यातील युरोपियनांनी हवा खाण्यास जाण्याचे ठिकाण होतो. तेथे त्यांचे बंगले आहेत, एवढे सांगून वर्णन निसर्गाकडे वळते. वेढा संपला की इतिहासही संपला, अशी ही मांडणी आहे.

तिच्यात गळले आहे ते गाव. गडाच्या माथ्यासह उतारावरील वस्तीला महसुली दप्तरात घेरा सिंहगड असे नाव आहे. घेरा म्हणजे किल्ल्याभोवतीचा राखीव टापू. त्यात मेटांवर राहून वाटा राखणारे, रात्रीची गस्त घालणारे, वैरण-लाकूड पुरविणारे लोक असत आणि त्या चाकरीच्या बदल्यात त्यांना जमिनी व हक्क असत. किल्ला हे जर शरीर, तर घेरा हा त्याचा श्वास होता. १८१८ नंतर किल्ल्याला शत्रू उरला नाही, म्हणून राखणदाराचीही गरज उरली नाही. शेजारच्या पुरंदरच्या टापूत रामोश्यांचे किल्ल्यावरील हक्क गेल्याची परिणती पुढे उमाजी नाईकाच्या बंडात झाली, आणि त्या बंडाने सरकारला कित्येक वर्षे सतावले. त्यावर कॅप्टन मॅकिन्टॉशने १८३३ साली स्वतंत्र पुस्तकच लिहिले. तात्पर्य, या माणसांची नोंद सरकारी लेखणीने घेतली ती त्यांनी बंड केले तेव्हा. सिंहगडच्या घेऱ्यातील माणसाने बंगल्यांना पाणी भरले, चढणीवर ओझी वाहिली, तेव्हा त्याच्यासाठी कागद खर्च करण्याचे प्रयोजन वाटले नाही. ज्या वृत्तान्ताचा आरंभ एका कोळी नाईकाच्या नावाने होतो, त्याच्या अखेरीस गडावरच्या रहिवाशाला नाव नसावे हे लक्षणीय आहे.

गडावरील देवस्थानांची गतही अशीच. कोंढाणेश्वर, अमृतेश्वर आणि २ मार्च १७०० रोजी गडावर देह ठेवलेल्या राजाराम महाराजांची समाधी ही प्रेक्षणीय स्थळांच्या ओघात येतात. त्यांची पूजाअर्चा कोण करी, दिवाबत्तीची सोय कशी होती, हे प्रश्न त्या वर्णनाला पडत नाहीत. १८१८ च्या शिबंदीत अरबांबरोबर गोसावी होते, ही नोंद तर विशेष विचार करण्याजोगी आहे. शस्त्र धारण करणारा गोसावी हा मठाचा माणूस आणि पगारी शिपाई अशा दोन्ही नात्यांनी पेशवाईच्या अखेरीस वावरत होता. इंग्रज लेखकाने त्याला केवळ एक लढाऊ जमात म्हणून मोजले. मराठी लेखकांनी तानाजीच्या तेजापुढे त्याच्याकडे पाहिलेच नाही. ज्यांनी गडाचा शेवटचा वेढा सोसला त्यांच्यावर पोवाडा प्रसिद्धीस आला नाही. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली छापलेल्या संग्रहाने तुळसीदासाचा तानाजी मात्र सर्वतोमुखी केला.

बंगल्यांच्या त्या माथ्यावर पुढे लोकमान्य टिळकांचा बंगला आला ही घटना गॅझेटिअरनंतरची. राज्यकर्त्यांच्या विश्रांतिस्थानी टिळक उन्हाळ्यात वाचन-लेखन करीत, आणि १९२० च्या उन्हाळ्यात गांधीजीही प्रकृतीसाठी तेथे राहिले. चरित्रकारांनी या वास्तव्याचे वर्णन आवडीने केले आहे. तरी त्यांची नजरही बंगल्याच्या ओसरीवरच थांबते. देवटाक्याच्या पाण्याची थोरवी ते गातात. ते पाणी शेंदून आणणारा कोण, हे विचारीत नाहीत. येथे राष्ट्रीय वृत्तीचा चरित्रकार आणि साम्राज्याचा संपादक यांच्यातील अंतर वाटते तितके मोठे नाही.

या सर्वांवर उपाय नवा पराक्रम शोधणे हा नव्हे. पेशवे दप्तरातील किल्ल्यांचे जमाखर्च, इनाम कमिशनचे कागद आणि घेऱ्यातील गावांची जमीन-मोजणी ही साधने पुण्यातच उपलब्ध आहेत. मेटकऱ्याला काय मिळत होते आणि १८१८ नंतर त्यातले काय राहिले, हे त्यांवरून ताडून पाहता येण्यासारखे आहे. धायरी २०१७ साली महापालिकेच्या हद्दीत आली, आणि गडाकडे जाणारी वाट आता घरांच्या रांगांतून जाते. घेरा सिंहगड हे नाव मात्र दप्तरात अद्याप आहे.