कॅमेरा खाली का ठेवत नाहीत?

व्याघ्रगणनेच्या दिवसांत कारवारकडच्या जोयडा तालुक्यातल्या रानवाटांवर कॅमेरे बांधले जातात. जमिनीपासून जेमतेम गुडघाभर उंचीवर, वाटेच्या दोन्ही अंगांना एकेक. वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजवीकडच्यांशी जुळत नाहीत, म्हणून ही जोडी. समोरून ऊब असलेलं काही हललं की कॅमेरा आपसूक टिपतो आणि परत गप्प बसतो. इथलं काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान काळ्या बिबट्यांसाठी ओळखलं जातं. रात्रीच्या अशा चित्रात काळा बिबट्या कधीकधी दोन डोळ्यांपुरताच उरतो. 2018च्या देशव्यापी गणनेत 26,838 ठिकाणी असे कॅमेरे लागले होते. त्यांनी सुमारे 3 कोटी 48 लाख छायाचित्रं काढली आणि त्यांतली वाघांची भरली 76,651. बाकीच्या ढिगाऱ्यात बिबटे, सांबरं, रानडुकरं, चुकार गुरं आणि वाटेने जाणारी माणसं.

या कॅमेऱ्याला नेमून दिलेलं काम आहे आणि भीती वाटली म्हणून तो पळत नाही. 'फाउंड फुटेज' भयपट बनवणाऱ्यांच्या नाकी नऊ येतात ते नेमकी हीच गोष्ट जमवताना. सापडलेल्या चित्रणातून गोष्ट उलगडते असा या पटांचा बहाणा असतो. पण मागे भूत लागलेलं असताना हा माणूस कॅमेरा खाली का ठेवत नाही, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'ने 1999 साली तो निभावून नेला. त्यामागून आलेल्या कितीतरी चित्रपटांनी दीड तास तीच थाप ताणली आणि ती मध्येच तुटली. वीस मिनिटांत मात्र थाप पचते. म्हणूनच या प्रकारातलं सरस काम पूर्ण लांबीच्या चित्रपटांपेक्षा संग्रहपटांतल्या छोट्या तुकड्यांत सापडतं. मराठी वाचकाला हे माप नवं नाही. रत्नाकर मतकरींच्या 'खेकडा'तली गूढकथा असो की छोट्या पडद्यावरचं 'गहिरे पाणी', आपल्याकडे भीती एका बैठकीतच भेटत आली आहे.

या संग्रहपटांतलं मोठं घराणं म्हणजे 'व्ही/एच/एस'. 2012 साली पहिला भाग आला, 2025 साली 'हॅलोविन' हा आठवा. बहुतेकांत चार-सहा स्वतंत्र गोष्टी, दिग्दर्शक वेगवेगळे, आणि बऱ्याचदा कुणाला तरी जुन्या कॅसेटी सापडतात अशी बाहेरची चौकट. ही चौकट बहुतेक वेळा सगळ्यात रद्दी भाग असते. एकूण गोष्टींतही आरडाओरडा आणि आतडी-कोथळ्यांचा सुकाळ फार. निवडून ठेवाव्यात अशा पाच-सहाच.

पहिल्या भागातली डेव्हिड ब्रुकनरची 'अमॅच्युअर नाइट' अशांपैकी एक. तीन टोळभैरव मित्र चष्म्यात लपवलेला कॅमेरा घेऊन रात्री बाहेर पडतात. बारमधून मुलगी उचलून आणायची, मोटेलवर न्यायची आणि तिच्या नकळत चित्रण करायचं, एवढाच बेत. म्हणजे कॅमेऱ्याचा हेतूच घाणेरडा, आणि तो चष्म्यात असल्याने खाली ठेवण्याचा प्रश्नच मिटला. लिली नावाची जी विचित्र, मोठ्या डोळ्यांची मुलगी त्यांच्यासोबत येते ती कोण आहे, हे इथे फोडायला नको. पण प्रेक्षक सुरुवातीची दहा मिनिटं त्या चष्म्यातूनच तिच्याकडे बघत असतो आणि ओशाळतो. पुढे जे होतं त्याची भीती त्या ओशाळेपणातून चढते. हॅना फिअरमनने ही लिली अशी उभी केली की 2016 साली तिच्यावर 'सायरन' हा अख्खा चित्रपट निघाला. चांगली गोष्ट दीड तासाची केल्यावर पातळ होते, याचा तो नमुना.

दुसऱ्या भागात, 2013 साली, मालिकेने आपली उंची गाठली. 'ब्लेअर विच'च्या जोडगोळीतला एदुआर्दो सांचेझ इथे ग्रेग हेलबरोबर 'अ राइड इन द पार्क' घेऊन आला. सायकलवाल्याच्या हेल्मेटवर कॅमेरा, रानातली वाट, झोंबीचा चावा. इथपर्यंत सगळं ओळखीचं. पण सायकलवाला मरतो आणि उठून चालू लागतो, तरी हेल्मेट डोक्यावरच राहतं, आणि झोंबी-पटाची इतक्या वर्षांची नजर फिरते. मुलांच्या वाढदिवसाच्या मेजवानीवर तुटून पडणाऱ्या प्रेताच्या कपाळावरून प्रेक्षक सगळं बघतो. शेवटाकडे खिशातला फोन चुकून लागतो आणि प्रेयसीचा आवाज ऐकू येतो. एवढ्या रक्तपातात ही एक हळवी जागा, आणि ती खोटी वाटत नाही.

त्याच भागातली 'सेफ हेवन' मात्र निराळ्या मापाची. 'द रेड' करणारा गॅरेथ इव्हान्स आणि इंडोनेशियाचा टिमो चाह्यांतो या दोघांनी ती केली. माहितीपट बनवणारी मंडळी एका बाबाच्या आश्रमात मुलाखतीला जातात. हातातला कॅमेरा, अंगावर लपवलेले छोटे कॅमेरे आणि आश्रमातले भिंतीवरचे, असे बरेच डोळे एकाच वेळी उघडे असतात. त्यामुळे इव्हान्सला हवं तेव्हा हवं तिथे जाता येतं आणि तरीही फसवणूक वाटत नाही. पहिली काही मिनिटं निव्वळ पत्रकारिता आहे. बाबा गोड बोलतो, शाळेच्या खोलीत मुलं रांगेत बसलेली, खोल्या स्वच्छ. मंडळींच्या आपसांतल्या लफड्याचा धागा मधून मधून डोकावतो आणि तो पुढे कामी येतो. मग ध्वनिक्षेपकावरून बाबाचा आवाज घुमतो आणि जवळजवळ अर्ध्या तासाची ही गोष्ट कुठेही श्वास घेऊ देत नाही. तिचा शेवट एका शब्दावर होतो. तो घराघरात रोज ऐकू येणारा आहे आणि तिथे ऐकून हसू फुटतं, मग ते घशात अडकतं.

नंतरच्या भागांतून एकच निवडायची तर 2021च्या 'व्ही/एच/एस/94'मधली सायमन बॅरेटची 'द एम्प्टी वेक'. शवगृहात नव्याने लागलेली एक तरुणी, बंद शवपेटी, बाहेर वादळ, आणि दर्शनाला जवळजवळ कोणी फिरकत नाही. घरच्यांच्या मागणीवरून कॅमेरे लावलेले. बराच वेळ जवळजवळ काहीच घडत नाही, आणि तीच तिची कमाई. गावाकडे मुंबईची माणसं पोचेपर्यंत मयताजवळ रात्र जागलेल्यांना यातली ताणलेली शांतता समजावून सांगावी लागणार नाही. दिवा फडफडतो, पेटीत काहीतरी खुट्ट करतं, आणि मुलगी आधी कामावरच्या वरिष्ठांना फोन लावते. नोकरी टिकवायची म्हणून ती थांबते. कॅमेऱ्याजवळ राहण्याचं याहून पटणारं कारण मालिकेत दुसरं नाही.

या मालिकेची एक खोड मात्र मराठी प्रेक्षकाला खटकेल. व्हिडिओ कॅसेट म्हणजे थोडे पट्टे आणि थोड्या मुंग्या, अशी तिची समजूत दिसते. पहिल्या भागात तर संगणकावरचं व्हिडिओ कॉलचं बोलणं कॅसेटवर आहे. ते तिथे भरलं कोणी, हे भुतालाच ठाऊक. जोयडा-कारवारकडच्या पावसाळ्यांत कपाटात राहिलेल्या कॅसेटी खरोखर कशा मरतात ते पाहिलेल्यांना हे पट्टे खोटे वाटतात. फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरते, प्लेअरचं हेड चोंदतं, चित्र वरून खाली विरघळत जातं आणि आवाज तेवढा शिल्लक राहतो. त्यातून अशा कपाटात जे सापडतं ते बहुधा लग्न. तीन-तीन तासांचं चित्रण, त्यावर चढवलेली सिनेमाची गाणी, बदामाच्या आकारात नवरीचा चेहरा, आणि पंगतीत घास तोंडाशी नेताना दिव्याच्या झोताने दचकलेले पाहुणे. त्यातले निम्मे आता हयात नसतात. स्पेनच्या पाको प्लाझाने 'रेक 3'ची सुरुवात लग्नाच्या चित्रणानेच केली होती, पण थोड्याच वेळात कॅमेरा बाजूला टाकून तो नेहमीच्या सिनेमाकडे वळला. हा मुलूख अजून मोकळा पडला आहे.

मालिका मुंबईला पोचली ती 2024च्या 'व्ही/एच/एस/बियाँड'मध्ये. विराट पालच्या 'ड्रीम गर्ल'मध्ये दोन पापाराझी तारा नावाच्या हिंदी तारकेच्या मागावर चित्रीकरणाच्या सेटवर घुसतात. पापाराझी हा उत्तम कॅमेरेवाला. त्याला पळून चालत नाही, फोटो नाही तर पैसा नाही. दोघांची आपसांतली बडबड जमून आली आहे. पण तारकेचं गुपित उघडं पडल्यावर गोष्ट नुसती कत्तल होऊन बसते. सेटवरचे स्पॉटबॉय, मेकअपवाले, नाचणाऱ्या मुली केवळ मरण्यापुरत्या उरतात. एवढ्या मोठ्या उद्योगाच्या पोटात शिरून तिथून फक्त रक्त आणणं ही उधळपट्टी म्हणायची.

त्याआधी 2011 साली पवन कृपलानीच्या 'रागिनी एमएमएस'ने याच घाणेरड्या हेतूचा, म्हणजे प्रेयसीच्या नकळत लावलेल्या कॅमेऱ्यांचा, पूर्ण लांबीचा भयपट केला. त्यातलं भूत मराठी बोलतं. चेटकीण ठरवून छळलेल्या बाईचं ते भूत, आणि आपण चेटकीण नाही हेच तिचं गाऱ्हाणं. हिंदी चित्रपटातलं जोडपं अमराठी आणि त्या घराच्या जमिनीवर आधीपासून असलेली बाई तेवढी मराठी, ही योजना हेतुपुरस्सर असो वा नसो, चित्रपटातली सगळ्यात अंगावर येणारी गोष्ट तीच आहे.

आणि तरी भारतातला या प्रकारातला सर्वोत्तम तुकडा भुताचा नाही. दिबाकर बॅनर्जींच्या 'लव्ह सेक्स और धोखा'ला (2010) कोणी भयपट म्हणत नाही, पण बांधणी बघितली तर तो संग्रहपटच आहे. विद्यार्थ्याचा कॅमेरा, दुकानातले सीसीटीव्ही, स्टिंग ऑपरेशनचा छुपा कॅमेरा, अशा तीन यंत्रांच्या तीन गोष्टी. पहिलीतला राहुल 'दिलवाले'छाप डिप्लोमा फिल्म काढतो आहे. नायिका श्रुतीच्या प्रेमात पडून तो पळून जाऊन लग्न करतो आणि हौसेने सगळं टिपत राहतो. अर्धी गोष्ट पोरकट विनोदात जाते. मग घरच्यांचा राग निवळल्याचा निरोप येतो, न्यायला गाडी येते, आणि कॅमेरा चालूच असतो, कारण पोराला वाटतं की आपल्या सिनेमाचा गोड शेवट हाच. रस्त्यात अंधारात गाडी थांबते. त्यापुढच्या दोन-तीन मिनिटांत पार्श्वसंगीत नाही, चेहऱ्यांवर उजेड नाही. बॅनर्जींनी इतकंच केलं की चित्रण थांबवलं नाही.

चौदा वर्षांनी त्यांनीच 'लव्ह सेक्स और धोखा 2' आणला. रिअॅलिटी शोमधली स्पर्धक, ऑनलाइन गेम खेळणारा पोरगा, सगळे आपणहून दिवसभर कॅमेऱ्यासमोर. विषय ताजा आहे, पण बसवलेल्या हसण्या-रडण्यात पहिल्या भागातला तो गाफीलपणा उरलेला नाही. ज्याला आपण टिपले जातोय हे प्रत्येक क्षणी ठाऊक आहे, त्याच्या चेहऱ्यावर भीती शोधायची तर दिग्दर्शकाला दुसरी जागा धुंडाळावी लागते. ती बॅनर्जींना इथे मिळालेली नाही. तिसऱ्या गोष्टीतला गेमर पोरगा एकटा असतो ते काही क्षण तेवढे जवळ जातात.