वही कोण तपासणार?

गेल्या काही महिन्यांत नवोदित कथाकारांची हस्तलिखितं एकापाठोपाठ वाचनात आली आणि मी अस्वस्थ झालो. माणसं वेगवेगळी, गावं वेगवेगळी, कथा मात्र एकाच साच्यातल्या. सुरुवातीला फोन वाजतो, मध्ये पाऊस येतो, शेवटी धक्का बसतो. लिहिणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले. कुणी बँकेतून निवृत्त झालेलं, कुणी मुलं मोठी झाल्यावर वही उघडलेली गृहिणी, कुणी वाळूजच्या कारखान्यात पाळ्या करणारं. जवळपास प्रत्येकाच्या परिचयात कुठल्या ना कुठल्या लेखन कार्यशाळेचं नाव आहे. एका कामगाराच्या कथेत रात्रपाळीचं वर्णन आलं आणि त्यात त्याने ‘नीरव शांतता’ लिहिली. प्रेस शॉपमध्ये रात्री तीन वाजता शांतता असते? त्या माणसाने आयुष्याची वर्षं ज्या आवाजात काढली, तोच आवाज त्याच्या कथेत नव्हता. आणि कार्यशाळेत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

याला ‘लेखक जन्मावा लागतो’ हे आपलं ठरलेलं उत्तर मला मान्य नाही. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्याची कारणं सांगताना शक्तीच्या, म्हणजे प्रतिभेच्या, जोडीला निपुणता आणि अभ्यास ठेवले. आणि अभ्यास कसला, तर काव्य जाणणाऱ्याकडून शिकून केलेला. औरंगाबादला तर ते सांगायचीही गरज नाही. वली आणि सिराज यांच्या या शहरात उर्दू शायरीची जी परंपरा रुजली, तिच्यात उस्तादाला शेर दाखवणं आणि त्याने त्यावर इस्लाह करणं ही रीतच होती. उस्ताद शब्द बदलायचा, मिसरा फिरवायचा, प्रसंगी अख्खा शेर काढायला लावायचा. शागिर्दाचं वय कुणी विचारत नव्हतं. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून आणि नवोदितांशी पत्रव्यवहार करून हीच रीत मराठीत आणली. आजच्या गझल कार्यशाळांनी त्यातलं वृत्त तेवढं उचललं.

पण मराठी गद्याची खरी शाळा या शहरात भरली ती नागसेनवनात. 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. घराण्यात पहिल्यांदाच अक्षर गिरवलेली पिढी तिथे शिकू लागली. अमेरिकेतून कृष्णवर्णीयांचं साहित्य वाचून आलेले म. ना. वानखेडे, तिथेच शिकवणारे गंगाधर पानतावणे, 1967 मध्ये निघालेलं ‘अस्मिता’ नियतकालिक आणि लगेच त्याचं झालेलं ‘अस्मितादर्श’, ‘मराठवाडा’ वृत्तपत्राच्या 1969 च्या दिवाळी अंकातली दलित साहित्यावरची चर्चा, हा सगळा इतिहास वाचकांना पाठ आहे. या इतिहासाकडे आपण चळवळ म्हणून पाहतो, प्रौढांची शाळा म्हणून पाहत नाही. तसं पाहावं, हा माझा आग्रह आहे.

पानतावण्यांनी सुमारे अर्धशतक ते नियतकालिक चालवलं. ज्यांचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं त्यांचं लेखन ते वाचत, त्यांना लिहितं करत. ‘अस्मितादर्श’च्या लेखक-वाचक मेळाव्यांत कवितेला दाद मिळायची आणि तिच्याशी भांडणही व्हायचं. आपण ज्यांच्याविषयी लिहितो ती माणसं समोर बसून ऐकत आहेत, हे लेखकाला दिसत असे. तिथे खोटी ओळ टिकणं अवघड होतं. वेदना खरी असली म्हणून ओळ आपोआप खरी ठरत नाही, हा वाद याच वर्तुळात वर्षानुवर्षं झाला. लेखनाचं याहून कठोर शिक्षण मला दुसरं माहीत नाही.  

फलटणच्या बेबीताई कांबळेंचं उदाहरण मला याच्याशी जोडावंसं वाटतं. किराणा दुकान सांभाळत त्यांनी आपलं जगणं लिहिलं, आणि वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. भाषा-अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी आग्रह धरला, तेव्हा ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं आणि 1986 मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. प्रतिभा बेबीताईंची, पण वही मागणारं कुणीतरी भेटावं लागलं.

आजच्या कार्यशाळांत वही कुणी मागत नाही. दोन दिवसांचं शिबिर, दुपारचं जेवण, प्रमाणपत्र, मग व्हॉट्सॲप गटावर एकमेकांना फुलं. त्यानंतर सहभाग शुल्क घेऊन काढलेला प्रातिनिधिक संग्रह. पैसे घेण्याला माझा विरोध नाही. शिकवणाऱ्याला मोबदला मिळालाच पाहिजे. पैसे देणाऱ्याचं मन दुखावू नये म्हणून त्याची वाईट कथा चांगली म्हणण्याला माझा विरोध आहे. पन्नाशीत लिहायला बसलेल्या माणसाकडे वेळ कमी असतो. त्याला खोटी शाबासकी देणं म्हणजे त्याची उरलेली वर्षं वाया घालवणं. विद्यापीठांच्या नव्या अभ्यासक्रमांतल्या ‘सर्जनशील लेखन’ या विषयाबद्दल एवढंच म्हणतो, की लेखी परीक्षेने लेखक होत नाही.

दुरुस्तीने लेखकाची बोली मरते, असा आक्षेप येईल. तो गंभीर आहे. मराठवाड्यातल्या मुलांच्या वहीवर प्रमाणभाषेचा रंधा पिढ्यान् पिढ्या फिरला. पण मी मागतो ती दुरुस्ती व्याकरणाची नाही. तू हे पाहिलंस का, ऐकलंस का, की कुठे वाचलेलं उचललंस, एवढं विचारणारी दुरुस्ती मला हवी आहे. पैठणला आयुष्य गेलेली बाई प्रियकराला समुद्रकिनारी भेटवते, तेव्हा तिला गोदावरीच्या वाळवंटाकडे वळवणारा कुणीतरी हवा. बोली मारतो तो पोकळ शब्द. तो खोडला की खालून बोलीच वर येते.

अशी वही तपासणं इथे शक्य आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आजीवन शिक्षण व विस्तार विभाग आहे. मराठवाडा साहित्य परिषदेकडे सभागृह आणि ‘प्रतिष्ठान’सारखं नियतकालिक आहे. शिक्षण सुटलेली माणसं मोठ्या वयात पुन्हा शिकतात, हे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने 1989 पासून दाखवून दिलं आहे. राज्याचं साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देतं. म्हणजे पुस्तक छापण्याची सोय आहे, त्याआधी ते घडवण्याची नाही. अनुदान मिळालेली काही पुस्तकं वाचताना मला वाटत राहतं, की याला आणखी एक वर्ष आणि एक कडक वाचक मिळायला हवा होता.

विद्यापीठाने आणि परिषदेने मिळून आठवड्यातून एक सायंकाळचा वर्ग सुरू करावा. तो वर्षभर चालावा, पंधरा जणांच्या वर नसावा, शिक्षणाची अट नसावी, पाळ्या करणाऱ्यांना जमेल अशी वेळ असावी. वर्गात अर्धा वेळ वाचन व्हावं. प्रत्येकाचं प्रत्येक पान तपासलं जावं, आणि तपासणाऱ्याला प्राध्यापकाइतकं मानधन मिळावं. प्रमाणपत्र देऊ नये, संग्रह काढू नये. आणि शहरातल्या प्रस्थापित लेखकांना माझी विनंती आहे: उद्घाटनाची निमंत्रणं थोडी कमी घ्या, आणि एका नवोदिताची वही घरी घेऊन जा.