‘अजीजी’ आणि आश्रय : एका इस्लामी प्रार्थनेचा शब्दविचार

भिवंडी तालुक्यातील दापोडे व त्याच्या आसपासच्या गावांत शेतजमिनींवर गोदामे उभी राहिली आहेत. लगतच्या भिवंडी शहरात यंत्रमाग चालतात. पाठीवर ओझे वाहणारा हमाल आणि व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणारा लहान मागवाला, हे या परिसराचे प्रातिनिधिक श्रमिक होत. मुसलमान समाजात सर्वत्र परिचित असलेली एक अरबी प्रार्थना या श्रमिकांना समोर ठेवून वाचली असता तिच्या रचनेचे मर्म अधिक स्पष्ट होते.

ही प्रार्थना इमाम बुखारी (मृत्यू इ. स. 870) यांच्या हदीससंग्रहात आढळते. खैबरच्या मोहिमेत (इ. स. 628) पैगंबरांच्या सेवेस असलेला अनस इब्न मालिक हा मुलगा तिचा साक्षीदार आहे. पैगंबरांच्या तोंडी ही प्रार्थना आपण वारंवार ऐकली, असे तो सांगतो. तिच्यात आठ गोष्टींपासून ईश्वराचा आश्रय मागितला असून त्या आठांच्या चार जोड्या पडतात. मराठीत आशय सांगताना त्या सर्वांची ‘दुःखे व दुर्गुण’ अशी एकच मोळी बांधण्याकडे कल असतो. अर्थहानी होते ती नेमकी येथेच.

पहिल्या जोडीतील ‘हम्म’ ही पुढे येणाऱ्याची काळजी, तर ‘हझन’ हा घडून गेलेल्याचा शोक. भाष्यकारांनी हा भेद काळावरून केला आहे. दुसऱ्या जोडीत ‘अज्झ’ म्हणजे करता न येणे आणि ‘कसल’ म्हणजे करता येत असूनही न करणे. तिसरीत भित्रेपणा व कृपणता येतात: एकात माणूस स्वतःला राखून ठेवतो, दुसऱ्यात धनाला. चौथी जोडी मात्र मनाबाहेरची आहे. कर्जाचा भार आणि माणसांकडून दडपले जाणे, हे काही प्रार्थना करणाऱ्याचे दोष नव्हेत. येथील ‘दलअ’ हा शब्द बरगडीवाचक अरबी शब्दाच्याच धातूचा असून त्यात वाकण्याचा अर्थ आहे. ‘कर्जाचे ओझे’ या रूढ भाषांतरात वजन उरते, वाकलेली पाठ हरवते. ‘कर्जाने वाकणे’ हा मराठी प्रयोग मुळाच्या अधिक जवळ जातो.

‘अज्झ’ याच धातूपासून आलेला ‘आजिझी’ हा शब्द फारसीच्या वाटेने मराठीत ‘अजीजी’ झाला. मूळ अर्थ असमर्थता. मराठीत उरला तो काकुळतीच्या विनवणीचा. सावकारापुढे किंवा मुकादमापुढे अजीजी केली जाते. ज्या असमर्थतेपासून ही प्रार्थना ईश्वराजवळ संरक्षण मागते, तीच मराठी शब्दात माणसापुढे पदर पसरून उभी राहिलेली दिसते. माणसापुढे अजीजी करण्याची पाळी येऊ नये, हीच या प्रार्थनेची मागणी आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मराठी प्रार्थनापरंपरेशी तुलना केल्यास हे वेगळेपण ठळक होते. ज्ञानदेवांचे पसायदान विश्वासाठी मागते. रामदासांची करुणाष्टके स्वतःचे उणेपण देवापुढे उघडे करतात. प्रस्तुत प्रार्थनेत आळस आणि कर्ज एकाच दमात येतात. तथापि त्यांतील एक दुसऱ्याचे कारण आहे, असे ती कोठेही म्हणत नाही. गरिबाचे कर्ज हे त्याच्या आळसाचे फळ, असा जो निवाडा सुस्थित माणूस सहज देऊन टाकतो, त्याला या रचनेत आधार नाही. उलटपक्षी, परिस्थितीवर बोट ठेवून स्वतःच्या आळसाला सूट देण्याचीही येथे सोय नाही.

अबू दाऊद यांच्या संग्रहात हीच प्रार्थना एका कथेत येते. अबू उमामा नावाचे मदीनेचे एक अन्सारी नमाजाची वेळ नसताना मशिदीत बसलेले असतात. विचारणा होताच ते काळजी व कर्जे हे कारण सांगतात, आणि सकाळ-संध्याकाळ म्हणण्यासाठी त्यांना ही प्रार्थना शिकविली जाते. या कथेची निवेदकपरंपरा काही हदीसतज्ज्ञ दुर्बल मानतात. परंतु समाजाने ही प्रार्थना कोणाची समजली, याची ती साक्ष होय. भिवंडीत उत्तर भारतातून येऊन स्थायिक झालेल्या विणकरांचे ‘अन्सारी’ हे नाव मदीनेच्या त्याच साहाय्यकर्त्यांची आठवण वाहते. कर्जदाराला प्रथम ‘का बसलास?’ असे विचारावे, दोष मागाहून शोधावा, हा त्या कथेचा क्रम आहे. आणि प्रार्थनेचा अर्थ लावताना तोच क्रम पाळणे उचित ठरते.