अभ्यास आणि तालीम

दिवाळीची सुटी लागली की मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो: ‘सुटीचा अभ्यास झाला का रे?’ इथे अभ्यास म्हणजे वही आणि पुस्तक. मी पडलो शाळामास्तर. हा शब्द दिवसातून कितीदा उच्चारतो, त्याची गणती नाही. परंतु त्याचे मूळ पाहू गेले म्हणजे आपण त्याला केवढे आखडून टाकले आहे, ते ध्यानात येते.

संस्कृतात ‘अस्’ या धातूचा एक अर्थ फेकणे, आणि ‘अभि’ म्हणजे कडे, दिशेने. नेम धरून पुनःपुन्हा बाण सोडणाऱ्या धनुर्धराचे चित्रच जणू या शब्दात दडले आहे. पाणिनीने तर तो व्याकरणातही योजला. ‘ददाति’ या रूपात ‘द’ दोनदा येतो. त्यांपैकी पहिल्याला तो ‘अभ्यास’ म्हणतो. पुनरावृत्ती हाच या शब्दाचा प्राण. गीतेच्या सहाव्या अध्यायात चंचल मन आवरण्यासाठी वैराग्याच्या जोडीला अभ्यासच सांगितला आहे. तेथे पोथी घोकणे खासच अभिप्रेत नाही!

‘तालीम’ या शब्दाचा प्रवास नेमका उलटा. अरबीत तालीम म्हणजे शिकवणे; ‘इल्म’, म्हणजे ज्ञान, हा तिचा सगा भाऊ. मराठीत येताच ती लाल मातीत उतरली, पहिलवानांची झाली. पुढे नाटकवाल्यांनीही तिला आपलेसे केले. गवयाचा ‘रियाज’ही अरबी मुळाचा. घोड्याला वळण लावणे हा त्या मुळाचा अर्थ. असा हा अजब व्यवहार: पुस्तकी शब्द आखाड्यात गेला आणि मेहनतीचा शब्द पुस्तकात जाऊन बसला.

तालमीचे त्यात कल्याण झाले. अभ्यासाचे झाले असे मला वाटत नाही. आमच्या उपनगरांत दीड-दोन खोल्यांच्या घरांतली मुले रात्री अभ्यासिकेत जाऊन बसतात. त्यांच्या कष्टांपुढे मी मान लववतो. पण धडा एकदा डोळ्यांखालून गेला की ‘अभ्यास झाला’ असे ती म्हणतात, आणि ते आपणच त्यांना शिकवले. उलट जो मुलगा चार-चार तास तबल्यावर एकच बोल घोटतो, जी मुलगी ठिपक्यांची रांगोळी दहादा पुसून पुन्हा काढते, त्यांच्याविषयी आपण बेधडक म्हणतो, ‘अभ्यासात लक्ष नाही!’ शब्दाच्या मूळ अर्थाने पाहिले तर वर्गातले खरे अभ्यासू तेच. एका शब्दाचा अर्थ आक्रसला, की अशी कितीतरी मुले आपल्या लेखी ‘ढ’ ठरतात.

आपल्या घरगुती मराठीला मात्र हे मर्म कधीच उमगलेले आहे. ‘हात बसला’, ‘अंगवळणी पडले’ असे ती म्हणते. पहिल्या घाण्याची चकली तुटते, दुसऱ्याची वाकडी होते, आणि पुढे कधीतरी न बघताही सोऱ्या गोल फिरू लागतो. यंदा फराळाचे ताट पुढे येईल तेव्हा त्या हातांकडेही जरा पाहावे. त्यालाही अभ्यासच म्हणतात.