ताटीआडचा ज्ञानदेव

मुक्ताबाईच्या नावावर असलेले ताटीचे अभंग आपल्या देवळांतील कीर्तनांतून इतक्या वेळा कानांवर पडतात की, त्यांकडे काव्य म्हणून पाहावयाचे राहूनच जाते. बुवा निरूपणास उभे राहिले की ‘संताने रागावू नये’ एवढा बोध काढून पुढील कथेकडे वळतात. बोध खोटा नाही. परंतु तो घाईने काढलेला आहे. ज्याच्यासाठी हे अभंग म्हटले गेले, तो ताटीआडचा मुलगा त्या निरूपणात कोठेच दिसत नाही.

प्रसंग परंपरेने सांगितलेला आहे. ‘संन्याशाचे पोर’ म्हणून कोणी हिणवले, तेव्हा ज्ञानदेव झोपडीत आले, कामट्यांची ताटी आतून लावून घेतली आणि कोणाशी बोलेनासे झाले. धाकट्या बहिणीने बाहेर उभे राहून त्यांची विनवणी केली. प्रचलित कालगणनेप्रमाणे ज्ञानदेवांचा जन्म 1275 चा व मुक्ताबाईचा 1279 चा. म्हणजे आत एक कोवळा तरुण आणि बाहेर त्याहूनही लहान मुलगी! या 42 अभंगांच्या कर्तृत्वाविषयी अभ्यासकांत मतभेद संभवतात. परंतु मराठी मनाने हे शब्द मुक्ताबाईच्या मुखी घातले, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे.

त्या एका शब्दाने एवढी जखम का व्हावी? विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला व गुरूंच्या आज्ञेने पुन्हा संसार मांडला. गावाने कुटुंबास वाळीत टाकले. देहांत प्रायश्चित्त सांगितले गेले. आईबापांनी जलसमाधी घेतली, अशी कथा आहे. एवढे होऊनही मुलांच्या माथीचा डाग पुसला गेला नाही. शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणची वाट धरावी लागली. वकिलाच्या नजरेने पाहिले तर हा निवाडा विलक्षण आहे. कृत्य बापाचे, त्याची शिक्षाही भोगून झाली, तरी अंमलबजावणी मुलांवर चालूच. रस्त्यातला तो शब्द म्हणजे त्याच निवाड्याची नित्य होणारी बजावणी होती.

मुक्ताबाईचे मोठेपण असे की, ‘तुला झाले तरी काय?’ असा जाब ती विचारीत नाही. ती दारातून हलत नाही. एकच आर्जव पुनःपुन्हा करते, आणि प्रत्येक वेळी नवा दृष्टांत देते. जग आग झाले तर संताने पाणी व्हावे, असे ती म्हणते. दातांखाली जीभ सापडली म्हणून कोणी दात पाडून घेत नाही, असेही समजावते. ध्रुवपदाची पुनरुक्ती येथे केवळ गेयतेसाठी नाही. रुसलेल्या माणसाशी घरातले माणूस असेच बोलते. या रचनेचे खरे काव्य मला उपदेशापेक्षा या चिकाटीत दिसते.

तथापि एक उणीव सांगितल्यावाचून राहवत नाही. दात आणि जीभ एकाच देहाचे, या दृष्टांताने फिर्याद आणि आरोपी दोन्ही नाहीसे होतात. 42 अभंगांत समजावणी सारी जखमी भावाची. शब्द मारणाऱ्या गावास उद्देशून एकही अभंग नाही. बहिणीच्या तोंडी हे शोभते, कारण तिने तोच घाव सोसला आहे. पण तेच शब्द जेव्हा गाव उचलतो आणि दुखावलेल्यास शांतीचा उपदेश करतो, तेव्हा ते सोयीचे होतात.

ही सोय महाग पडते. 1998 साली व्हिन्सेंट फेलिटी, रॉबर्ट अँडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सॅन डिएगो येथे 9,508 प्रौढांच्या बालपणाची विचारपूस करून निष्कर्ष प्रसिद्ध केले. मारहाण, मानहानी, घरातील व्यसन वा मनोविकार अशा सात प्रकारांतील जितके अधिक प्रकार वाट्यास आले, तितके पुढे हृदयविकार, फुप्फुसांचे जुनाट विकार, औदासीन्य व आत्महत्येचा प्रयत्न यांचे प्रमाण चढते आढळले. हा संबंध संभवाचा आहे, विधिलिखिताचा नव्हे. पण त्या सात प्रकारांत एक नव्हता: गावाने वाळीत टाकणे. तो आमच्या कथेत आहे.

आजही ताट्या लागतात. लहानपणीच मधुमेह जडलेल्या मुलामुलींत औदासीन्य इतरांहून अधिक आढळते, हे वैद्यकास ठाऊक आहे. असा एखादा तरुण खोलीचे दार लावून बसला की आपण म्हणतो, ‘मन घट्ट कर, नामस्मरण कर.’ आजार लपवावयाचा, कारण लग्ने जुळावयाची असतात. म्हणजे ताटीची एक कामटी आपणच बसविलेली असते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. परंतु कायदा दार ठोठावीत नाही. वैद्यापर्यंत नेणारे माणूस दाराशी असावे लागते.

म्हणून बुवांस एक विनंती. पुढच्या वेळी हे अभंग लावाल तेव्हा रागाच्या दोषापाशी थांबू नका. ताटी कोणाच्या शब्दाने लागली, हेही श्रोत्यांस विचारा. त्यांच्यात मुक्ताबाई कमी नसतील; पण तो शब्द उच्चारणारेही तेथेच बसलेले असतात.