दोनशे शोधनिबंध म्हणजे किती?

डॉ. कमल रणदिवे यांच्यावरील काही छोटे चरित्रलेख आम्ही नुकतेच एकापाठोपाठ एक वाचले. भित्तिपत्रकासाठी किंवा विज्ञानदिनाच्या भाषणासाठी आपण शिक्षक वापरतो तसे हे लेख. कर्करोग व कुष्ठरोग या विषयांवर बाईंचे दोनशेहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झाले, असे त्यांत हमखास असते. लगेच लेखक पुरस्कारांकडे वळतो आणि 1982 च्या पद्मभूषणापाशी थांबतो. त्या निबंधांत होते काय, आणि पुढे ते कोणाच्या उपयोगी पडले, हे बहुधा येतच नाही. आमचा आक्षेप त्यालाच आहे.

कमलताईंचा जन्म पुण्याचा, 8 नोव्हेंबर 1917 चा. हुजूरपागा, फर्ग्युसन, शेतकी महाविद्यालय हे सारे शिक्षण पुण्यातच झाले. मुंबईस डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली 1949 मध्ये त्या पीएच.डी. झाल्या. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे शरीराबाहेर काचपात्रात पेशी वाढवण्याचे, शिक्षण घेतले.

शोधनिबंधाचा प्रभाव मोजण्याची रूढ रीत सोपी आहे. आपल्या निबंधाचा उल्लेख दुसऱ्याच्या संदर्भसूचीत झाला की एक 'सायटेशन' जमा. यूजीन गारफील्ड यांनी अशा उल्लेखांच्या सूचीची कल्पना 1955 मध्ये मांडली व 1964 पासून ती सूची छापली जाऊ लागली. एखाद्या विषयावरचे लेखन संशोधकाला चटकन सापडावे, हा तिचा मूळ हेतू. माणसांना गुण देण्यासाठी तिचा वापर नंतर वाढला.

हे गुण कसे फसवतात ते पाहू. ऑलिव्हर लाउरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1951 मध्ये प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. या निबंधाला तीन लाखांहून अधिक उल्लेख मिळाले आहेत. म्हणून तो विसाव्या शतकातला सर्वांत मोठा शोध ठरत नाही. ती प्रयोगशाळेत रोज लागणारी उपयुक्त कृती होती, एवढाच त्याचा अर्थ. आता गाय यांच्याकडे वळू. हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या गाठीतून 1951 मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत वाढलेल्या 'हेला' पेशी जगभर पोहोचल्या. पण त्यांचा पहिला वृत्तान्त म्हणजे 1952 मधला एक छोटा गोषवारा. त्या पेशी वापरणारे बहुतेक जण नुसते 'हेला' लिहितात. गोषवाऱ्याचा उल्लेख करत नाहीत.

कमलताईंच्या कामाचा मोठा भाग या दुसऱ्या जातीचा आहे. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. ती देशातली पहिली मानली जाते. तेथे हात तयार झालेल्या विद्यार्थ्याची गणना कोणत्या सूचीत होणार? स्तनांच्या कर्करोगाशी उंदरांचा वंश, संप्रेरके आणि दुधातून पिलांकडे जाणारा विषाणू यांचा काय संबंध आहे, हे त्यांनी अभ्यासले. त्यासाठी शुद्ध वंशाचे उंदीर पिढ्यान्‌पिढ्या जोपासावे लागतात. ते कष्ट निबंधात एका ओळीत संपतात.

कुष्ठरोगाचे उदाहरण आणखी बोलके आहे. याच केंद्रात बापट, रणदिवे व खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतींतून जे जंतू वाढवले, त्यांना केंद्राच्या आद्याक्षरांवरून 'आयसीआरसी' जंतू म्हणतात. पुढे डॉ. एम. जी. देव यांच्या गटाने त्यांपासून लस तयार केली. दक्षिण भारतातील चाचणीचे निष्कर्ष 1998 मध्ये प्रसिद्ध झाले. लसीने सुमारे 65 टक्के संरक्षण दिले. यातले श्रेय तिघांत कसे वाटायचे, आणि लस करणाऱ्यांना किती द्यायचे? आकडा याचे उत्तर देत नाही.

मग आकडे टाकूनच द्यावेत काय? नाही. उल्लेख झाला म्हणजे काम कोणाच्या तरी नजरेस आले, एवढे नक्की कळते. आकडा नसेल तर उरतो तो नुसता जयजयकार, आणि तोही तितकाच पोकळ. पण आकडा हे चौकशीचे पहिले पाऊल आहे, निकाल नव्हे.

निकाल मानले की काय होते, ते आपल्या पुण्यातच दिसले. अध्यापकांच्या बढतीसाठी 2010 पासून निबंधांवर गुण मिळू लागले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना बरकत आली. विद्यापीठांच्या शिफारशींवरून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत गेलेल्या 1,009 नियतकालिकांची सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी छाननी केली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत 88 टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकषांवर उतरली नाहीत. मोजणीसाठी लिहिलेले निबंध मोजणीपुरतेच उरतात.

म्हणून वर्गात कमलताईंविषयी सांगताना दोनशेचा आकडा जरूर सांगावा, पण तेथे थांबू नये. त्यांनी कोणता प्रश्न विचारला, तो सोडवण्यासाठी काय उभारले, आणि ते पुढे कोणी वापरले, हे मुलांना शोधायला लावावे. गुणपत्रिकेवरून मुलाला पुरते ओळखता येत नाही, हे आपल्याला रोजच्या अनुभवाने ठाऊक आहे. शास्त्रज्ञांनाही तोच न्याय लावावा.